रोजाने की उक्त्याने?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागाइतदाराची मुलगी नाशिकमध्ये बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. तिची आंतरवासिता (शाळेतील प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव) दिंडोरी रोडच्या बाजूच्या एका मराठी शाळेत चालू असून सातवीच्या एका तुकडीचे गणित तिच्याकडे आहे. पटावर 58 मुले आहेत. पहिल्या आठवड्यातील कौतुक ओसरल्यावर वर्ग ऐकेनासा झाला. मार्गदर्शक शिक्षक म्हणतात, ‘दोन लावल्याशिवाय ही तुकडी ऐकायची नाही.’ महाविद्यालयातील प्राध्यापिका पाठ पाहायला आल्या तेव्हा मात्र वर्ग चिडीचूप होता, कारण वर्गशिक्षक मागे बसले होते आणि आदल्या दिवशी चार हुशार मुलांकडून उत्तरे घोटून घेतली होती. शेरा उत्तम मिळाला, पण तेव्हापासून स्वतःचीच लाज वाटते, असे ती लिहिते. गेल्या आठवड्यात व्यस्तप्रमाण शिकवताना तिने फळ्यावर उदाहरण घातले: ‘12 स्त्रिया एका द्राक्षबागेतील विरळणीचे (घडातील जादा मणी काढण्याचे) काम 10 दिवसांत करतात, तर 15 स्त्रिया तेच काम किती दिवसांत करतील?’ मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘मॅडम, बाया रोजाने लावल्या का उक्त्याने?’ सारा वर्ग हसला. तिने चिडून त्याला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभे केले. त्यानंतर तीन दिवस तो शाळेत आलेला नाही. ‘शिकवण्याचा पिंडच माझा नाही, असे आता वाटते. बी.एड. सोडून द्यावे का?’ असा तिचा प्रश्न आहे.

तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, परंतु त्याआधी मला त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. तुमच्या पत्रात तो उद्धटपणाचा नमुना म्हणून आला आहे, आणि माझ्या मते त्या दिवशी वर्गात बोलले गेलेले सर्वांत गणिती वाक्य तेच होते.

तुमचे उदाहरण सोडवताना आपण काय करतो ते पाहा. बारा गुणिले दहा म्हणजे एकशेवीस, भागिले पंधरा, उत्तर आठ दिवस. हे उत्तर बरोबर येण्यासाठी एक गोष्ट मुकाट्याने धरून चालावी लागते, ती म्हणजे प्रत्येक बाई रोज सारख्याच वेगाने काम करते. पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, हे गृहीतक लिहायला जागा नसते, त्यामुळे बहुतेक वेळा ते शिकवणाऱ्याच्याही ध्यानात नसते. तो मुलगा नेमका त्यावरच बोट ठेवत होता. रोजाने लावलेली बाई ठरलेल्या वेळेला बागेत येते, ठरलेल्या वेळेला निघते आणि ठरलेली मजुरी घेते. उक्ते, म्हणजे सगळ्या कामाचा ठेका, घेतलेली टोळी एकराचा भाव ठरवते, तांबडे फुटताच हातात कात्री धरते आणि भाकरी खायलासुद्धा फार वेळ बसत नाही, कारण काम जितके लवकर उरकेल तितके पुढच्या बागेचे काम पदरात पडते. त्याच बारा बाया, तीच बाग, तरीही दिवस वेगळे. व्यस्तप्रमाण कोठे लागू पडते आणि कोठे लटके पडते, हे यापेक्षा नेमक्या शब्दांत मलाही सांगता आले नसते. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात पेठ, हरसूलकडून आलेल्या टोळ्या उभ्या असतात, तेव्हा बागाइतदार आणि मुकादम यांच्यात पहिले बोलणे याच मुद्द्यावर होते. तुमच्या वडिलांनीही दर हंगामात हाच प्रश्न विचारला असणार. तुम्ही तो घरी शंभरदा ऐकला असेल, आणि तरीही सातवीच्या वर्गात तोच प्रश्न समोरून आला तेव्हा तुम्हाला तो ओळखता आला नाही. असे का झाले असावे, याचा विचार मला महत्त्वाचा वाटतो.

माझ्या मते त्याचे एक कारण आपल्या प्रशिक्षणात आहे. पहिल्या वर्षी तुम्ही सूक्ष्म अध्यापन केले असेल. सहा मिनिटांचा पाठ, मग प्रत्याभरण (त्या पाठावरचा अभिप्राय), पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटांचा पाठ, असे ते छत्तीस मिनिटांचे चक्र. एकेक कौशल्य सुटे करून घोटण्यासाठी ती पद्धत चांगली आहे, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु तेथे समोर विद्यार्थी म्हणून आपल्याच वर्गातल्या मैत्रिणी बसलेल्या असतात. त्या अपेक्षित उत्तर देतात, कारण नंतर त्यांनाही पाठ द्यायचा असतो आणि तेव्हा आपण त्यांना सांभाळून घ्यावे अशी त्यांची अपेक्षा असते. अशा सौजन्याच्या वातावरणात शिकवण्याची पहिली सवय लागल्यावर टाचणाच्या ‘अपेक्षित विद्यार्थी प्रतिसाद’ या रकान्यात न बसणारे काहीही ऐकू आले की ते आपल्याला गोंधळ वाटते. वर्ग हसला म्हणून तुम्ही भडकलात, हे मी समजू शकते. पण तो तुम्हालाच हसला, असे कशावरून? आपल्या घरातली, बागेतली भाषा एकदम गणिताच्या तासाला ऐकू आली, याचे ते हसू असू शकते. बारा-तेरा वर्षांची मुले खुशीत आणि खोडीत सारखीच हसतात, आणि त्यातला फरक कानाला कळायला काही वर्षे जातात. माझ्या कानाला तर बरीच गेली.

आता त्या पाहणीच्या पाठाविषयी. त्याची लाज वाटते असे तुम्ही लिहिले आहे आणि त्या लाजेचे मी स्वागतच करते, मात्र ती फार दिवस बाळगू नका. आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचे होते आणि सरावपाठांचा धाक याहून मोठा होता. मीही एका पाठासाठी चार मुली आधीच तयार करून ठेवल्या होत्या. प्रश्न विचारला की चार हात वर, उत्तर अचूक, फलकलेखन मोत्यासारखे, घंटेच्या ठोक्याला गृहपाठ सांगून झालेला. मागे बसलेल्या आमच्या सरांनी पाठाच्या वहीत तांबड्या शाईने लिहिले होते, ‘पाठ चांगला झाला. वर्गात विद्यार्थिनी चारच होत्या.’ पटावर छप्पन्न होत्या. तो शेरा वाचून मी जिना उतरता उतरता रडले होते, आणि पुढे अनेक वर्षे तास संपवून वर्गाबाहेर पडताना आज किती विद्यार्थी होते हे मनाशी मोजत असे.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, तुमच्या सगळ्या पत्रात वर्ग शांत होता की नव्हता, हाच एक मापदंड आहे. शांत होता तो पाठ चांगला, गलका झाला तो वाईट. पण तुमचाच अनुभव याच्या उलट साक्ष देतो. चिडीचूप वर्गात झालेला पाठ खोटा होता, हे तुम्हीच कबूल करता; आणि हशा पिकलेल्या तासाला एक मुलगा खरोखर विचार करत होता, हे मी वर दाखवले. मुख्याध्यापकांना व्हरांड्यातून गलका ऐकू जाणे तुम्हाला परवडणारे नाही, हे मला मान्य आहे, आणि ज्या वर्गात कोणाचेच ऐकू येत नाही तेथे गणितही होत नाही. परंतु शांतता ही कामातून आली पाहिजे. कामाच्या आधी ती मिळवू पाहिली की आपण पट्टीने टेबल आपटत राहतो.

पट्टीवरून आठवले म्हणून मार्गदर्शक शिक्षकांच्या सल्ल्याविषयी स्पष्ट बोलते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, या दोन्ही गोष्टींना मनाई आहे आणि तसे करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. त्यामुळे ‘दोन लावण्या’चा पर्याय मुळात पर्यायच नाही. सबंध तास बाहेर उभे करणे हेही चारचौघांत अपमान करणेच आहे, ते पुन्हा करू नये. मात्र त्या शिक्षकांना तुम्ही मनातून एकदम खलनायक ठरवू नका. त्याच कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण धरले आहे, आणि त्यांच्यासमोर 58 मुले आहेत. तुम्ही निघून गेल्यावर राहिलेला अभ्यासक्रम त्यांनाच पुरा करायचा आहे. त्यांचा सल्ला चुकीचा आहे, पण तो थकव्यातून आलेला असू शकतो. त्यांच्याशी कायद्यावरून वाद घालण्यापेक्षा त्यांचे दोन तास मागे बसून पाहा आणि एवढेच टिपून ठेवा की, कोणत्या क्षणी मुले त्यांचे ऐकतात आणि कोणत्या क्षणी नुसती गप्प बसतात. त्यांच्याकडून घेण्यासारखे काही ना काही निघेल, असा माझा अनुभव आहे. पंचवीस वर्षे सातवी शिकवलेल्या माणसाला मूल कोठे अडते ते डोळे मिटून सांगता येते, फक्त तसे कोणी विचारत नाही.

मुलांच्या बाजूनेही थोडे पाहू. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि आंतरवासिता एकूण वीस आठवड्यांची, पहिल्या वर्षी चार व दुसऱ्या वर्षी सोळा. तुम्हाला हा काळ फार मोठा वाटतो. मुलांच्या लेखी तुम्ही ‘बीएडच्या मॅडम’. दर वर्षी एकसारख्या साड्या नेसून आणि छातीवर बिल्ला लावून एक घोळका येतो, आपली नावे विचारतो, तक्ते टांगतो आणि निरोप समारंभात रडून निघून जातो. जाणाऱ्या माणसात किती जीव गुंतवायचा, याचा हिशेब मुले करतात, आणि तो हिशेब काही चुकीचा नाही. म्हणून पहिल्या आठवड्याचे प्रेम ओसरले याचे दुःख करू नये. ते पाहुण्याचे कौतुक होते. आता तुमची परीक्षा चालू आहे, आणि परीक्षा त्याचीच घेतात ज्याच्याकडून काही अपेक्षा असते.

तो मुलगा तीन दिवस आला नाही. तुमच्यामुळेच आला नाही, असे तुम्ही धरून चालला आहात आणि मनाला खात बसला आहात. कदाचित तसेच असेल. कदाचित आई पहाटेच्या पिकअपमधून बागेत जाते म्हणून धाकट्या भावंडापाशी थांबला असेल, किंवा स्वतःच कामावर गेला असेल, किंवा नाशिकच्या या थंडीत तापाने फणफणला असेल. विचारल्याशिवाय हे कळणार नाही. तेव्हा उद्याच वर्गशिक्षकांकडे जा, झालेला प्रकार तुमच्या तोंडून त्यांना सांगा आणि घरी फोन करून चौकशी करण्याची विनंती करा. एकटीने परस्पर त्याच्या घरी जाऊ नका; तुम्ही त्या शाळेत पाहुण्या आहात आणि कोणतेही पाऊल वर्गशिक्षक व मुख्याध्यापक यांच्या माहितीने पडलेले बरे. त्याची शाळा कायमची सुटण्याच्या बेतात असेल, तर ती बाब शाळेने हाती घ्यायची आहे आणि तुम्ही ती वेळेवर त्यांच्या नजरेला आणून दिलीत, हेही मोठे काम होईल.

तो आल्यावर त्याची क्षमा मागा. अपमान वर्गासमोर झाला, म्हणून क्षमाही वर्गासमोरच मागायला हवी. व्हरांड्यात गाठून पाठीवर हात फिरवल्याने हिशेब पुरा होत नाही. लांबण मात्र लावू नका. ‘त्या दिवशी तू विचारलेला प्रश्न चांगला होता. मला तो कळला नाही आणि मी तुला बाहेर काढले, ते चुकले.’ एवढे म्हणावे आणि लगेच फळ्याकडे वळावे, म्हणजे त्यालाही चोरट्यासारखे होणार नाही आणि वर्गालाही खुसुखुसू करायला फार वेळ मिळणार नाही. अशाने वचक जातो, अशी भीती तुम्हाला अनेक जण घालतील. मी शिकवलेल्या मुलांपैकी काही आज पन्नाशीला आली आहेत. माझ्या बोलण्यातली जरब त्यांच्यापैकी कोणाला आठवत नाही, पण मी चुकीचे गुण दिले आणि नंतर कबूल केले, ते दोघांतिघांना तारीखवार आठवते.

रोजच्या तासासाठी काही गोष्टी सुचवते. तुमच्यासारख्याच अवस्थेत असलेल्या इतर छात्राध्यापकांनाही त्या उपयोगी पडाव्यात. सर्वांत आधी, नावे. बैठकीचा नकाशा काढून त्यात सर्व 58 नावे लिहा आणि तो टाचणाच्या वहीत चिकटवा. ‘ए निळा स्वेटर’ अशी हाक ऐकणारा मुलगा निळ्या स्वेटरासारखाच वागतो. दुसरे म्हणजे तासाची पहिली पाच मिनिटे. वर्ग बिघडतो तो बहुधा याच वेळात, कारण आपण खडू शोधत असतो, तक्ता टांगत असतो आणि प्रस्तावनेचे प्रश्न मनातल्या मनात आठवत असतो. वर्गात शिरताच फळ्यावर एक छोटे उदाहरण लिहा, ते कच्च्या वहीत सोडवायला सांगा आणि बाकांमधून फिरू लागा. पहिल्या तीन दिवसांत निम्मी मुले वही काढणार नाहीत. चौथ्या दिवशीही लिहा.

तिसरी गोष्ट प्रश्न विचारल्यावर थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून दाखवले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा धड थांबत नाहीत, आणि हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले की उत्तरे लांब होतात व एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. 58 चेहऱ्यांसमोर उभे राहून मोजून पाहा. एखाद्या सहछात्राध्यापिकेला मागे बसवून एकच काम द्या: या तासाला किती वेगवेगळी मुले बोलली, त्याची नोंद. आकडा चारच्या पुढे सरकला की मला कळवा.

‘ऑफ तास’, म्हणजे गैरहजर शिक्षकांचे तास, तुमच्या गळ्यात मारले जातात, अशी तक्रार तुम्ही केली आहे. ती खरी आहे, आणि हे तास वाढतच गेले तर महाविद्यालयातील गटप्रमुखांच्या कानावर घालायला हरकत नाही. पण जो तास तुमच्या गुणपत्रिकेत धरला जात नाही, तोच प्रयोग करायला उत्तम. वर्तमानपत्रातील लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील कांद्याचे आठवडाभराचे भाव फळ्यावर लिहून द्या आणि जोडस्तंभालेख काढायला लावा. ज्यांच्या घरी कांदा आहे ती मुले भावावरून भांडतील. भांडू द्या.

आता बी.एड. सोडण्याविषयी. सोडणे हा नेहमीच पळपुटेपणा असतो, असे मी मानत नाही. पुढची वाट सोपी नाही, हेही तुमच्यापासून लपवणार नाही. पहिली ते आठवीसाठी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, शासकीय व अनुदानित शाळांतील भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलचा रस्ता आहे, तेथे वाट पाहण्याची वर्षे सांगता येत नाहीत, आणि नेमणूक झाली तरी सुरुवातीची तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची असतात. या कारणांनी कोणी दुसरा व्यवसाय निवडला, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. परंतु तुम्ही दिलेले कारण हे नाही. तुम्ही ‘पिंड’ म्हणता. एका तुकडीच्या काही आठवड्यांवरून पिंडाचा निर्णय करणे घाईचे आहे. तुमच्या वडिलांनीही पहिल्या वर्षीच्या बागेवरून शेती करायची की नाही ते ठरवले नसेल, कारण त्या वर्षी वेलीला घड लागतच नाहीत. शिवाय शाळा बदलून मागण्याचा जो पर्याय तुम्ही ओझरता लिहिला आहे, तो मला सर्वांत कमी पटतो. नव्या शाळेत पुन्हा पहिल्या आठवड्याचे कौतुक मिळेल आणि पुन्हा ते ओसरेल. उरलेले आठवडे याच तुकडीत काढा, पदवी पुरी करा, आणि मग उन्हाळ्यात, द्राक्षवेलींच्या खरड छाटणीच्या गडबडीत घरी असताना, शांतपणे ठरवा. वडिलांनी खर्च केला म्हणून शिक्षिका होण्याची सक्ती नाही. त्यांच्याशी हे बोलायला तुम्ही घाबरता आहात, ते बोलणेही तेव्हाच करा.

सध्या त्यांना वेगळेच काही विचारायचे आहे. या रविवारी घरी फोन करा आणि विचारा की, मागच्या हंगामात एका एकराची विरळणी रोजाने किती बायांनी किती दिवसांत केली आणि उक्ते दिली तेव्हा किती. दोन्ही आकडे लिहून घ्या, मजुरीचेही घ्या, शेकडेवारीच्या वेळी लागतील. मग सोमवारी फळ्यावर दोन स्तंभ आखा, एकावर ‘रोजाने’ आणि दुसऱ्यावर ‘उक्त्याने’ असे लिहा आणि पुढचे मुलांवर सोडा. मात्र तो मुलगा सोमवारी आलेला नसेल, तर त्या दिवशी मसाविची उजळणी घ्या. हे उदाहरण तो येईपर्यंत काढू नका.